टाकण्याचे शब्द, लात्व्हियन अर्थासकट

इंग्रजीत नको असलेली वस्तू घराबाहेर घालवायला किती शब्द आहेत हे मला शाळेने नाही, शेजारच्या लात्व्हियन म्हातारीने शिकवलं, आणि तेही लात्व्हियन अर्थासकट. म्हणजे एक पाठांतर होत नव्हतं तर दुसरं गळ्यात. पुण्याहून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष होत आलं होतं. पुण्यात मी इंग्रजीत वर्गात पहिली यायची, आणि इथे शाळेतल्या बाईंनी मला वेगळं बसवून एक कागद हातात दिला: थ्रो आउट, क्लिअर आउट, गेट रिड ऑफ, वीड आउट, स्क्रेप ऑफ, वाइप ऑफ, डू अवे विथ. प्रत्येकाचं वेगळं वाक्य करून आण. अरे, टाकायचंच आहे ना? मग टाका की एकदाचं! त्यात वर्गातल्या मुली यातला एकही शब्द वापरत नव्हत्या. त्या सरळ ‘बिफ इट’ म्हणायच्या आणि वस्तू भिरकावून मोकळ्या व्हायच्या. मृदुला नाव ठेवलंय माझं घरच्यांनी, पण त्या कागदासमोर बसले की डोकं असं तापायचं की त्यावर पोळी भाजून घ्यावी. आजही कुणी ‘गेट रिड ऑफ’ म्हटलं की माझी कानशिलं गरम होतात, आणि माझा मुलगा ते उठताबसता म्हणतो. मी मराठीत ओरडते, तो इंग्रजीत उत्तर देतो, असा आमचा संसार चाललाय.

तर ती म्हातारी म्हणजे वेल्टाआजी. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणपणी बोटीने इथे आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटी, ताठ, आणि तोंडाने महाफटकळ. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही हा आईचा दंडक, म्हणून मी तिला आजी म्हणायची. आजी म्हणजे ग्रँडमदर हे कळल्यावर ती गुरकावली, ‘मी कुणाची ग्रँडमदर नाही,’ पण हाकेला ओ द्यायची. आई हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्यूट्या आडव्यातिडव्या, म्हणून शाळा सुटल्यावर मी वेल्टाआजीकडे बसायचं असं दोघींनी परस्पर ठरवलं. मला विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. बसायचं म्हणे! तिने माझा तो कागद पाहिला आणि तिला स्फुरणच चढलं. हे शब्द असे शिकत नाहीत, म्हणाली, आणि माझ्या हातात खुरपं दिलं. ‘वीड आउट. इझरावेत. म्हण.’ मी म्हणायची आणि तिच्या वाफ्यातलं तण उपटायची. मग करपलेला तवा पुढ्यात यायचा. ‘स्क्रेप ऑफ. नुओकासीत.’ मग खिडकीची तावदानं. ‘वाइप ऑफ. नुओस्लाउत्सीत.’ हिला फुकटची मोलकरीण मिळाली होती आणि मला वर दुसऱ्या भाषेचा भुर्दंड. मी एकदा चिडून म्हटलं, लात्व्हियन कशाला हवं मला, परीक्षेत विचारणार आहेत का? तर ती म्हणाली, ‘मी इंग्रजी असंच शिकले. एका हातात हा शब्द, दुसऱ्या हातात तो. रिकाम्या हाताला शब्द चिकटत नाही.’ कपाळ माझं! काम झालं की ती बीटचं गार गुलाबी सूप वाडग्यात ओतायची, वर आंबट साय आणि शेपू, सोबत काळ्या पावाची जाड कापटी. सूप मला आवडायचं. तिला सांगितलं मात्र कधी नाही.

तिच्या घरात वस्तू म्हणून नव्हती. दोन खुर्च्या, एक टेबल, चार बश्या. एखादी पाचवी बशी आली की चारांतली एक फाटकाबाहेर जायची. आणि भिंतीपलीकडे आमचे बाबा! वेल्टाआजी संध्याकाळी जे फाटकाबाहेर ठेवायची ते बाबा सकाळी फिरायला जाताना पाहायचे आणि परत येताना मागच्या दाराने आत आणायचे. तिचा टोस्टर, तिचा रेडिओ, तिचं दांडा मोडलेलं फावडं. नुसतं तिचंच नव्हे, सगळ्या रस्त्याचं. ‘अगं, फक्त एलिमेंट गेलंय, काय माणसं आहेत ही!’ असं म्हणत ते गॅरेजमध्ये जायचे आणि मग दिवसभर तिथून सोल्डरिंगचा वास आणि कसलं तरी टकटक यायचं. बाहेर मनावातूचा, म्हणजे आमच्या या भागाचा, तो वारा, ज्याला सुट्टी माहीत नाही, दोरीवरची आईचे युनिफॉर्म फडाफडा आपटतायत, आत कुकरच्या शिट्ट्या, आणि गॅरेजमध्ये बाबांची टकटक. माझ्या त्या वर्षाचा आवाज विचाराल तर हा. आमच्याकडे तीन चालू टोस्टर होते, आणि टोस्ट कुणीच खात नव्हतं. सकाळी पोहेच.

यात हसण्यासारखं खूप होतं, पण हसू येत नव्हतं, कारण बाबांना नोकरी नव्हती. चिंचवडच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली एक अख्खं शॉप होतं, आणि इथे प्रत्येक ठिकाणी गोड शब्दांत तेच, की तुमचं शिक्षण फार आहे आणि न्यूझीलंडचा अनुभव नाही. आला दिवस ते इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, फोन वाजला की आधी घसा साफ करायचे, आणि फोन आईच्या हॉस्पिटलचा असायचा. मग एकदा जेवताना, कुमराच्या, म्हणजे इथल्या रताळ्याच्या, काचऱ्या पानात घेता घेता, त्यांनी ‘मीठ दे’ म्हणावं तसं सांगितलं, ‘दिवाळीपर्यंत बघतो. नाही तर मी परत जातो. जुने साहेब घेतील मला. तुम्ही दोघी इथे राहा, हिची शाळा होऊ दे.’ आईने पातेल्यातली उरलेली सगळी भाजी त्यांच्या पानात वाढली आणि पातेलं इतक्या जोरात सिंकमध्ये ठेवलं की मी दचकले. मला रागही येत होता आणि रडूही. आपला बाप विमानात बसून जाणार आणि आपण इथे ‘डू अवे विथ’ची वाक्यं करत राहणार, हे मला सहन होत नव्हतं. पण बोलायचं कुणाशी? बाबांशी त्यावर बोलायला गेलं की ते हातात स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे.

आईचं वेगळंच. ती वस्तू टाकायला एका पायावर तयार, बाबांच्या गॅरेजवरून तिची रोज कटकट, ‘अहो, टाका ना ते, टाका!’ पण निर्माल्य मात्र तिच्याने टाकवत नव्हतं. देवाला वाहिलेली फुलं कचऱ्याच्या पिशवीत कशी घालायची? सुरुवातीला ती पिशवी घेऊन नदीवर गेली. तिथे कुत्रं फिरवणाऱ्या एका भल्या माणसाने अगदी नम्रपणे सांगितलं, की बाई, इथे असं डंप करता येत नाही. डंप! त्या शब्दाने आई दोन दिवस धुमसत होती. वेल्टाआजीने सुचवलं, माझ्या खतात घाल, गुलाबाला बरं. आई घरी येऊन म्हणाली, ‘त्या खतात मटणाची हाडं असतात, मृदे, मी पाहिलीत.’ मग ती निर्माल्य वाळवून आइस्क्रीमच्या दोन लिटरच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवायला लागली, कधी समुद्राकडे गेलो की सोडू म्हणून. या देशात आइस्क्रीमचा डबा कुणी लगेच टाकत नाही, ती एकच वस्तू सगळे जपतात. आमच्याकडे सगळे हॉकी पोकी नावाच्या आइस्क्रीमचे, कारण बाबांना त्यातले साखरेचे कुरकुरीत तुकडे आवडायचे. ते डबे गॅरेजमध्ये फळीवर, शेजारी बाबांचे डबे, त्यात स्क्रू, वायरी, फ्यूज. बाहेरून सगळे सारखे. आणि समुद्राकडे जायला आमच्याकडे गाडी कुठे होती!

घर भाड्याचं, तेव्हा अधूनमधून एजंट तपासणीला यायचा. मागच्या खेपेला त्याने देवापुढचं निरांजन आणि उदबत्ती पाहून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, की पडदा पेटेल, घरात आग चालणार नाही. आणि गॅरेजचं तर त्याने लेखीच कळवलं, की हे सगळं पुढच्या तपासणीआधी रिकामं झालं पाहिजे. त्यावर घरात जो गहजब झाला तो विचारू नका. आई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आणि वेल्टाआजी कुंपणावरून. ती बाबांवर खरोखर चिडली. म्हणाली, ‘युद्धात आम्ही घर सोडून निघालो तेव्हा घोडागाडी गच्च भरली होती. घोडा थकला. आई म्हणाली, इझमेस्त. टाक. मी शिवणयंत्र टाकलं. मग ताटं. मग गाद्या. शेवटी गाडीवर फक्त आम्ही उरलो, म्हणून पोहोचलो. तू काय भरून ठेवलंयस, इंजिनिअर?’ बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. त्या क्षणी मला वेल्टाआजीचा इतका राग आला की तिचा गळा धरावा. म्हणायला ती बरोबरच होती, पण बाबांचा चेहरा मला बघवेना.

तपासणीच्या दिवशी आईची सकाळची ड्यूटी आणि माझी शाळा. शाळेतून आले तर गॅरेजचं दार सताड उघडं आणि आत काही नाही. नुसती फरशी, धुतलेली. वेल्टाआजीच्या गाडीला तिचा ट्रेलर लावलेला, तोही रिकामा, आणि ती हात झटकत उभी. ‘क्लिअर आउट. आइझवाक्त,’ ती मला म्हणाली, जणू धडाच संपवला. एजंट येऊन, खूश होऊन गेला होता. बाबा पायरीवर बसले होते. दमलेले, पण चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी बरं दिसत होतं. ‘सगळं टाकलं गं,’ ते म्हणाले. ‘टोस्टरसुद्धा. आईला आवडेल.’ आणि मलाही बरं वाटलं, वेडीला. मी चहा टाकला.

आई आली, युनिफॉर्मवरच. गॅरेज पाहून आधी हसली, आणि मग तिचं हसू मधेच थांबलं. ‘फळीवरचे डबे?’ ‘गेले,’ बाबा म्हणाले. ‘अगं, निर्माल्य कचऱ्यात कसं घालणार, तेवढं बाजूला ठेवणारच होतो. पण एकेक उघडून बघायला वेळ नव्हता, म्हटलं होऊ दे एकदाचं.’ आई फळीकडे बघत राहिली. ‘त्यात देव होते,’ ती म्हणाली.

देव म्हणजे टाक. चांदीचे पाच, बाबांच्या घराण्यातले, लग्नानंतर सासूबाईंनी आईच्या हाती सोपवलेले. एजंट या वेळी ओल बघायला कपाटंसुद्धा उघडणार होता, देवांना त्याचा हात नको, म्हणून पहाटे निघताना आईने ते रेशमी फडक्यात गुंडाळून एका डब्यात घातले आणि तो फळीवर, बाबांच्या डब्यांत ठेवला. कुणाला सांगितलं नाही. ‘सांगायचं कशाला?’ आई एकदम ओरडलीच. ‘आयुष्यात तुम्ही कधी काही टाकलंय का? म्हणून तर तिथे ठेवले! जगात दुसरी जागाच नव्हती इतकी भरवशाची!’ आता यावर रडायचं की डोकं आपटायचं? वर्षभर तीन बायका त्या माणसाच्या मागे लागल्या होत्या, टाक, टाक म्हणून. त्याने एकदा ऐकलं.

वेल्टाआजीने गाडी सुरू केली आणि आम्ही तिघं आत बसलो. गावाचा कचरा जिथे नेऊन ओततात त्याला इथे टिप म्हणतात. मोठी पत्र्याची शेड, वरच्या कट्ट्यावरून लोक आपापला कचरा खाली ढकलतात, आणि खाली एक लोडर तो लोटत लोटत मागे नेतो. बंद व्हायची वेळ जवळ आली होती. लोडरवाला भला थोरला माणूस होता, दंडावर गोंदवलेला. मी कट्ट्यावरून हात हलवत ओरडले, कारण बाबांचं इंग्रजी पुस्तकी, आईचं हॉस्पिटलातलं, आणि वेल्टाआजी त्याला आल्या आल्या शिव्या घालेल अशी भीती. त्याने इंजिन मंद केलं. ‘किया ओरा,’ त्याने माओरीत नमस्कार केला. ‘काय झालं?’ आणि माझी दातखीळ बसली. टाकायचे, काढायचे, खरवडायचे, उपटायचे, पुसायचे सगळे शब्द मला पाठ होते, दोन दोन भाषांत, आणि टाकलेलं परत मागायला एक धड शब्द ओठांवर येत नव्हता! कसला तो कागद आणि कसलं ते शिक्षण! शेवटी म्हटलं, आइस्क्रीमचा डबा हवाय. त्याने मागे वळून ढिगाकडे पाहिलं. ‘हीप्स ऑफ देम, लव्ह. आत काय आहे?’ मी म्हटलं, ‘गॉड्स.’ त्याला वाटलं मी थट्टा करते. मग त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. ‘किती?’ ‘पाच.’ त्याने इंजिन पूर्ण बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. ‘स्वीट ॲज,’ तो म्हणाला, म्हणजे चालेल. ‘बंद होईपर्यंत बघा. पण खाली एकानेच यायचं.’

बाबा उतरले. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसचे बूट, कारण घरी दुसरा अवतार करायची त्यांना सवयच नव्हती. डबा दिसला की उचलायचे, झाकण काढायचे, बघायचे, झाकण नीट लावून बाजूला ठेवायचे. झाकण नीट लावून! त्या उकिरड्यात! अख्ख्या गावाचे डबे होते तिथे. कुणाचं कुत्र्याचं खाणं, कुणाचे रंगाचे ब्रश, कुणाची बटणं. आमचंही एकदा सापडलं, वाळलेली झेंडूची फुलं, आणि आई पुढे झुकली, पण नुसती फुलंच. लोडरवालासुद्धा एका बाजूने उचलून बघत होता. एव्हाना अर्ध्याहून जास्त ढीग मागे लोटून दाबला गेला होता, तिकडे जायला परवानगी नव्हती, आणि आमचा डबा बहुतेक तिकडेच होता हे सगळ्यांना कळत होतं. बाबांना कळत नव्हतं, किंवा त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. वारा शेडमधून शीळ घालत होता. त्यांच्या शर्टाला कसलासा काळा ओघळ लागला होता, आणि मला वाटत होतं की जाऊन तो पुसावा.

लोडरवाल्याने हळूच मान हलवली. वेळ संपली होती. मी ‘बाबा’ म्हणून हाक मारली, तर त्यांनी वर न बघताच म्हटलं, ‘या हातांनी ठेवले मी ट्रेलरमध्ये. चार पिढ्या सांभाळले, आणि मी टाकले.’ मग थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं: ‘दिवाळीची वाट कशाला बघायची? मी पुढच्या आठवड्यातच जातो. मी काय करतोय इथे? इथल्या कुणालाच मी नकोय. आता घरातसुद्धा तोंड दाखवायची सोय नाही राहिली. तुम्ही जा घरी, मी एवढा कोपरा बघून येतो.’ आणि खरोखर त्यांनी पुढचा डबा उचलला. हा माणूस आता जाणार, हे मला तेव्हा पक्कं वाटलं. वेल्टाआजी लात्व्हियनमध्ये काहीतरी ओरडायला लागली, तिचा आवाज फाटला होता, आणि आईने तिच्या दंडावर हात ठेवून तिला गप्प केलं.

आई कट्ट्याच्या अगदी कडेला गेली. सकाळपासून उभी होती, पाय सुजले होते, अंबाडा सुटायला आला होता. मला वाटलं, आता आई फुटणार, आता वर्षभराचं सगळं बाहेर येणार. ती बाबांवर चिडलेली मी हजारदा पाहिली होती, पण असा आवाज तिचा मी आधी ऐकला नव्हता.

‘अहो, पुरे झालं,’ ती म्हणाली. ‘मूर्ती नसली तर आपल्यात सुपारी मांडतात. उद्या सकाळी पाच सुपाऱ्या मांडीन देवाच्या जागी, त्यांना चालतं. तुमच्या जागी काय मांडू मी? सांगा ना. काय मांडू?’

बाबांनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं, तो खाली ठेवला, आणि शिडीने वर आले. आईने त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

‘बूट झटका आधी,’ ती म्हणाली. ‘गाडी दुसऱ्याची आहे.’